सगळे दहाचे, की मागच्याच्या भरवशावर सहाचे?

ब्रेकर निवडताना अँपिअर किती आणि कर्व्ह (अचानक उसळलेल्या प्रवाहाला तो किती पटीला लगेच पडतो तो प्रकार) बी की सी यावर भरपूर खल होतो. ब्रेकरच्या तोंडावर लहानशा चौकटीत छापलेल्या ६००० किंवा १०००० अँपिअर (६ किंवा १० किलोअँपिअर) या आकड्याकडे मात्र नजर सर्वांत शेवटी जाते. माझीही तशीच गेली होती. हा आकडा म्हणजे ब्रेकिंग कपॅसिटी, अर्थात शॉर्टसर्किटच्या वेळी जास्तीत जास्त किती प्रवाह ब्रेकर स्वतः न फुटता तोडू शकतो त्याची हद्द, हे वाचकांना ठाऊक असेलच. म्हणून थेट त्या पेचाकडे वळतो, ज्यात मी पडलो होतो आणि ज्यात छोट्या कारखान्याचे पॅनेल उभारणारा कोणीही पडू शकतो.

आमचा ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा, इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) ४ टक्के. वरचे जाळे अमर्याद ताकदीचे धरले तर ४०० व्होल्टला त्याच्या टर्मिनलवर सुमारे १८ किलोअँपिअर फॉल्ट करंट, म्हणजे शॉर्टसर्किटचा प्रवाह, निघतो. तिथून आमच्या बोर्डापर्यंत २५ चौरस मिलिमीटर तांब्याची ३० मीटर केबल आहे. तिचा रोध जवळजवळ २२ मिलिओहम, तर ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा इम्पिडन्स १३ मिलिओहमच्या आत. इथे एक चूक मी आधी केली होती. हे दोन आकडे मी सरळ बेरजेने मिळवले आणि उत्तर साडेसहा किलोअँपिअरच्या थोडे वर आले. केबलमध्ये मुख्यतः रोध असतो आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये मुख्यतः रिअॅक्टन्स, म्हणजे चुंबकीय परिणामामुळे होणारा अडथळा, त्यामुळे ते काटकोनात (वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेऊन) मिळवावे लागतात. तसे केल्यावर, आणि ट्रान्सफॉर्मरचा थोडा रोध व केबलचा थोडा रिअॅक्टन्सही धरल्यावर, बोर्डावरचा फॉल्ट करंट ८ ते साडेआठ किलोअँपिअर निघाला. सरळ बेरीज फॉल्ट कमी दाखवते, आणि या हिशेबात कमी दाखवणारी चूकच धोक्याची असते. हीच केबल ६० मीटर असती तर आकडा पाचच्याही खाली गेला असता; मग सहाचे ब्रेकर लावून हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती.

आठ म्हणजे सहाच्या वर आणि दहाच्या खाली, आणि पेच नेमका इथेच होता. एक वाट अशी की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक सर्किटला १० किलोअँपिअरचा ब्रेकर लावायचा, म्हणजे प्रत्येकजण आपापल्या जिवावर उभा. दुसरी वाट अशी की सगळीकडे ६ चेच लावायचे आणि त्यांच्या मागे इनकमर (बोर्डात येणाऱ्या मुख्य पुरवठ्यावरचा ब्रेकर) म्हणून २५ किलोअँपिअरचा एमसीसीबी, म्हणजे मोठ्या प्रकारचा ब्रेकर, ठेवायचा. उत्पादकाने ही विशिष्ट जोडी एकत्र तपासून तिची संयुक्त क्षमता जाहीर केलेली असेल तर तांत्रिकदृष्ट्या ते पूर्णपणे मान्य आहे. कोणी याला कॅस्केडिंग म्हणतात, कोणी बॅकअप. मी काही वर्षे दुसऱ्या वाटेवर काढली आणि मग पहिल्या वाटेवर आलो, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. तरी माझा अनुभव एकाच बोर्डाचा आहे, हे लक्षात घेऊनच तो तोलावा.

आधी दुसऱ्या वाटेचे श्रेय तिला द्यायला हवे, कारण तिच्यामागची कल्पना खरोखर सुंदर आहे. मोठा फॉल्ट आला की एमसीसीबीच्या आतले संपर्क त्या प्रवाहाच्याच चुंबकीय रेट्याने एकमेकांपासून उडतात, आणि तिथे विजेची कमान (आर्क) पेटते. त्याच क्षणी पुढच्या लहान ब्रेकरमध्येही कमान पेटलेली असते. दोन कमानी एकापाठोपाठ एक आल्याने प्रवाहाला त्याच्या नैसर्गिक शिखरापर्यंत चढताच येत नाही, आणि लहान ब्रेकरच्या वाट्याला एकट्याने सोसावी लागली असती त्यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा येते. हे सगळे एका अर्ध्या आवर्तनाच्या आत, म्हणजे ५० हर्ट्झला १० मिलिसेकंदांत उरकते. अर्थात मागच्याने हात लावला की तोही पडण्याची (ट्रिप होण्याची) शक्यता असतेच. आमच्याकडे एकदा ग्राइंडरच्या केबलमध्ये फॉल्ट झाला आणि त्याच्या ब्रेकरबरोबर इनकमरही पडून सगळा कारखाना अंधारात गेला. तेव्हा मी वैतागलो खरा, पण निर्णय बदलला तो यामुळे नव्हे. एवढा मोठा फॉल्ट रोज होत नाही, आणि दहाचे ब्रेकर लावले म्हणून इनकमर कधीच पडणार नाही असेही नाही. त्यासाठी सिलेक्टिव्हिटीचा, म्हणजे किती फॉल्टपर्यंत फक्त पुढचाच ब्रेकर पडेल याचा, तक्ता वेगळा पाहावा लागतो.

निर्णय बदलला तो एका किरकोळ वाटणाऱ्या बदलीमुळे. कॉम्प्रेसरच्या ब्रेकरचा खटका एका संध्याकाळी वर टिकेनासा झाला. रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनने, जो कामात अगदी चोख माणूस आहे, हाताशी होता तो दुसऱ्या कंपनीचा ब्रेकर बसवला: तेच अँपिअर, तोच सी कर्व्ह, चौकटीत तेच ६०००. प्रत्येक पोल जेमतेम १८ मिलिमीटर रुंद, त्याच पट्टीवर टक्कन बसला आणि मशीन सुरू झाली. मला त्याचा पत्ता काही महिन्यांनी लागला, तोही टर्मिनल आवळायला पॅनेल उघडले तेव्हा. एका रांगेतल्या सगळ्या खटक्यांमध्ये एकाचा काळा रंग किंचित वेगळा दिसला. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता विजेरीच्या उजेडात वाचला. त्यावर मागचे मॉडेल, पुढचे मॉडेल आणि त्या दोघांची मिळून क्षमता लिहिली होती. आमच्या रांगेतला नवा गडी त्या तक्त्यात कुठेच नव्हता.

ब्रेकर सदोष नव्हता आणि इलेक्ट्रिशियनही चुकला नव्हता. ब्रेकरच्या तोंडावर जे छापले आहे ते त्याने वाचले आणि जुळवले. पण या पद्धतीत मुख्य वचन ब्रेकरच्या तोंडावर नसतेच. ते दोन ब्रेकरांच्या नात्यात असते आणि त्याचा पुरावा फक्त त्या कागदावर असतो. कंपनी बदलली त्या रात्री ती मिळून असलेली क्षमता संपली, आणि ८ किलोअँपिअरच्या फॉल्टसमोर ६ चा ब्रेकर एकटा उभा राहिला. त्या महिन्यांत काही झाले नाही, हे आमचे नशीब. उत्पादकाकडे चौकशी केली तेव्हा उत्तर अपेक्षितच मिळाले: न तपासलेल्या जोडीबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही. मग मूळ मॉडेलच मागवावे म्हटले, तर ती मालिका एव्हाना बंद झालेली होती, आणि नव्या मालिकेच्या तक्त्यात आमचा जुना एमसीसीबी नव्हता. एक बोटभर रुंदीचा ब्रेकर बदलण्यासाठी इनकमर बदलण्याचा विचार करण्याची पाळी आली, तेव्हा मी दहाच्या बाजूला गेलो.

दहाचे ब्रेकर निर्दोष आहेत असे मात्र म्हणवत नाही. आयईसी ६०८९८-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ६ किलोअँपिअरच्या ब्रेकरची सर्व्हिस क्षमता, म्हणजे फॉल्ट तोडल्यावरही कामात राहण्याची हद्द, पूर्ण ६ असते. १० च्या ब्रेकरची मात्र साडेसात धरली जाते. म्हणजे माझ्या बोर्डावरचा सर्वांत वाईट फॉल्ट दहाचा ब्रेकर सुखरूप तोडेल, पण त्यानंतर त्याला पुन्हा कामाला जुंपणे शहाणपणाचे नाही. मी तो मोडीतच काढीन. शिवाय उद्या ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीएचा झाला तर ५ टक्के इम्पिडन्स धरूनही माझ्या बोर्डावर आकडा ९ च्या आसपास जातो. केबलमुळे तो आटोक्यात राहतो, पण दहापर्यंतचे अंतर मग फारसे उरत नाही. आणि हो, आमच्या बोर्डाइतक्या संख्येत घेतले तर किमतीतला फरक हिशेबात दिसतो, नाही असे नाही.

मोटारींचा एक मुद्दा मला उशिरा कळला, तो इथे नोंदवतो. फॉल्टच्या क्षणी फिरत्या मोटारी जनरेटरसारख्या वागून स्वतःचा प्रवाह त्या ठिकाणी ओततात, आणि तो दोन ब्रेकरांच्या मधून येत असल्याने मागचा एमसीसीबी त्याला आवर घालू शकत नाही. लहान ब्रेकरला तो वरकड सोसावा लागतो. अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता, म्हणजे एनईसी, यासाठी स्पष्ट रेषा आखते: मध्ये जोडलेल्या मोटारींच्या पूर्णभार प्रवाहांची बेरीज कमी क्षमतेच्या ब्रेकरच्या ब्रेकिंग कपॅसिटीच्या १ टक्क्यापेक्षा जास्त असेल, तर अशी जोडी वापरू नये. ६ किलोअँपिअरच्या हिशेबात ही बेरीज ६० अँपिअर होते. आमच्या मोटारी त्या रेषेच्या अगदी काठावर होत्या. तुमच्याकडे बहुतांश दिवे आणि संगणक असतील तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही.

बोर्डावरचा फॉल्ट १८ किंवा २५ किलोअँपिअरच्या घरात असेल, तर माझे म्हणणे बरेच लंगडे पडते. तिथे प्रत्येक लहान सर्किटला एवढ्या ताकदीचा ब्रेकर देणे म्हणजे जागा आणि पैसा दोन्हींची उधळण, आणि जोडीची पद्धत हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. पण मग देखभाल एकाच हाती असावी, त्याच मालिकेचे दोन-चार ब्रेकर कपाटात असावेत, आणि तक्ता दाराच्या आत न चिकटवता बाहेरच्या अंगाला ठळक लावावा. हे तिन्ही जमणारे असेल तर जोडीच्या वाटेने जायला माझी हरकत नाही. मला त्यातले पहिलेच जमले नाही.

सध्या आमच्याकडे बदलीचा नियम एका ओळीचा आहे: चौकटीत १०००० असले पाहिजे. मागे एकदा रात्रीच एक ब्रेकर बदलावा लागला आणि मला सकाळी नुसते कळवले गेले. दार उघडून पाहिले, तर कंपनी पुन्हा निराळीच होती. चौकट वाचली आणि दार लावून घेतले.