यूव्ही टूथब्रश होल्डर: दिवाळी ते श्रावण वापरल्यावर

भिंतीवर चिकटवायचा, चार ब्रशांचा, झाकणाच्या आत जंतू मारण्यासाठी म्हणून यूव्ही (अतिनील) दिवा असलेला प्लॅस्टिकचा डबा. दिवाळीच्या सेलमध्ये साडेआठशेला घेतला. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच डबा ऑनलाइन बऱ्याच वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे. घेताना माझ्या डोक्यात जंतू नव्हतेच, झुरळं होती. आमची डोंबिवलीतली बिल्डिंग जुनी, संडास-बाथरूम एकत्र, रात्री लाइट लावला की बेसिनवरून एखादं पळतंच. ते उघड्या ग्लासातल्या ब्रशवरून फिरून गेलं असेल, असं एकदा मनात आलं की सकाळी ब्रश तोंडात घालवत नाही.

त्या बाबतीत डब्याने काम चोख केलं. झाकणाला लोहचुंबक आहे, फट राहत नाही. फ्लशच्या तुषारांपासूनही ब्रश वाचतात, आणि ही भीती काल्पनिक नाही. फ्लश केल्यावर सूक्ष्म थेंबांबरोबर जंतू हवेत जाऊन बाथरूमभर बसतात, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गेर्बा यांनी अमेरिकेत १९७५ सालीच दाखवून दिलंय. अर्थात कमोडचं झाकण पाडून फ्लश करायला काहीच खर्च येत नाही, पण आमच्या घरात ते फक्त मी करते.

मेपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. जूनमध्ये पाऊस लागला आणि डब्याचं खरं रूप दिसलं. रात्री ठेवलेला ब्रश सकाळी तसाच ओला. केसांच्या मुळाशी बोट लावलं तर बुळबुळीत लागायचं. झाकण उघडलं की कुबट वास. खाली जिथे पाणी निथळतं तिथल्या खोबणीत पेस्टचा पांढरा गाळ आणि त्याच्या कडेने काळपट बुरशी धरलेली. तो खालचा भाग या मॉडेलमध्ये सुटा होत नाही, त्यामुळे काडीला कापूस गुंडाळून कोपरे कोरत बसायचं. मागचा दुहेरी टेपही जुलैमध्ये टाइलवरून सुटला आणि अख्खा डबा ब्रशांसकट खाली आला. नशीब, कमोडचं झाकण पाडलेलं होतं.

आता दिव्याबद्दल. झाकण लावलं की पाच मिनिटं जांभळा उजेड पडतो, पोरं खूश. जंतू मारण्यासाठी प्रसिद्ध आहे तो यूव्ही-सी, म्हणजे आखूड तरंगलांबीचा अतिनील प्रकाश: पाऱ्याच्या ट्यूबमध्ये ही लांबी २५४ नॅनोमीटर, एलईडीमध्ये साधारण २६५ ते २८०. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, दिसणारा जांभळा रंग वेगळाच असतो. स्वस्तातल्या वस्तूंमध्ये बरेचदा ३९५ ते ४०५च्या आसपासचा नुसता जांभळा एलईडी असतो. माझ्या डब्याच्या कागदावर तरंगलांबी कुठेच छापलेली नाही, ‘९९.९% जंतुनाश’ मात्र ठळक. विक्रेत्याला विचारलं, तर उत्तर आलं, ‘येस मॅडम, यूव्ही आहे.’ नोट धरून बघा, नंबर चमकला की यूव्ही अस्सल, असंही सांगतात. पाचशेची धरली, नंबर छान चमकला. पण नोटेवरचे आकडे फ्लुरोसंट शाईचेच असतात, ते साध्या जांभळ्या एलईडीखालीही चमकतात. त्यातून यूव्ही-सी सिद्ध होत नाही.

आणि दिवा अस्सल असला तरी उजेड पडेल तेवढ्याच जागेवर त्याचं काम. घोळ होतो तो केसांच्या दाटीत, जिथे पेस्ट आणि अन्नाचे कण अडकतात, आणि तिथे सावली. ९९.९% म्हणजे निर्जंतुक असंही नव्हे: लाख जंतू असतील तर शंभर उरतात, आणि ओल्या ब्रशवर त्यांना पुन्हा वाढायला रात्र मोकळी.

अमेरिकन डेंटल असोसिएशनचा सल्ला फार साधा आहे: ब्रश नळाखाली नीट धुवा, उभा ठेवा, उघड्यावर वाळू द्या, बंद डब्यात नेहमी ठेवू नका, तीन-चार महिन्यांनी बदला. ब्रशवरच्या जंतूंमुळे माणूस आजारी पडतो याला पुरेसा पुरावा नाही, असंही ते म्हणतात. सल्ला बरोबर आहे, फक्त तो देणाऱ्यांनी जुलैतली डोंबिवली आणि तिथली झुरळं पाहिलेली नाहीत.

म्हणून आम्ही झुरळं आणि ओल, दोन्हीचा वेगवेगळा बंदोबस्त केला. बेसिनखाली आणि जाळीपाशी झुरळांचं जेल लावलं. ब्रश बाथरूममधून बाहेर काढले, पॅसेजच्या खिडकीपाशी, चमचे ठेवायच्या स्टीलच्या भोकांच्या स्टँडमध्ये, एकमेकांना टेकणार नाहीत असे. धुऊन बेसिनच्या कडेवर चार वेळा झटकला की दुपारपर्यंत बराच कोरडा होतो, अगदी झड लागलेली असली तर नाही. म्हणून प्रत्येकाचे दोन ब्रश केले, एक सकाळचा, एक रात्रीचा. सासूबाईंची कवळी नेहमीसारखी पाण्याच्या वाटीत असते, ती सुकवायची नसतेच.

कोरड्या गावात राहत असाल आणि बाथरूमला खिडकी असेल, तर हा डबा धूळ-झुरळांपुरता चालेल. घेताना खालचा ट्रे सुटा होतो का, झाकणाला हवेची भोकं आहेत का आणि स्क्रूने बसवता येतो का, एवढं बघा. दिव्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. आणि सेलमध्ये घेताना लक्षात ठेवा, रिटर्नची मुदत नोव्हेंबरातच संपते.