पोर्तुगीज पासपोर्टचं काम करणारं म्हापशातलं एक कार्यालय

कागदपत्रांसाठी जा, सल्ल्यासाठी नको. भाच्याच्या पोर्तुगीज नागरिकत्वासाठी इथे खेपा घातल्या, त्यावरून सांगतो.

काम चोख. १९६१ला पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती मिळण्यापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा जन्म लिस्बनला नोंदवता येतो. म्हणजे आमच्याकडे आधी बहिणीचा १९५८चा जन्म, मग तिचं लग्न, मग भाच्याची पाळी. तिथल्या मुलीने बहिणीचा जुना पोर्तुगीज दाखला भिंगाखाली धरला. त्यात आमच्या वडिलांचं नाव ‘शेंकोर’, बाकी सगळीकडे ‘शंकर’. “काका, फाईल इथेच अडकते,” म्हणाली आणि कोणतं प्रतिज्ञापत्र लागेल ते तिथल्या तिथे लिहून दिलं. फीची पावतीही मिळाली.

राग आला तो भिंतीवरच्या फलकाचा. लंडनचा घड्याळाचा मनोरा आणि खाली ‘पासपोर्ट मिळाला की निघा’! ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि त्या वर्षअखेरीस तिथे मुक्तपणे जाऊन राहण्याचा हक्कही संपला. इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेली आपली माणसं त्याआधी पोचली होती, म्हणून टिकली. आज पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे नोकरीला जायचं तर व्हिसा लागतो.

आणि मुख्य गोष्ट मी खोदून विचारल्यावरच सांगितली. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारताचं आपोआप संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, पण मतदान गेलं, शेतजमीन विकत घेणं गेलं.

युरोपची एकी मला मनापासून पटते. मास्ट्रिक्ट कराराने दिलेलं युरोपीय नागरिकत्व आपापल्या देशाच्या नागरिकत्वाला जोडून मिळतं. फ्रेंच माणूस फ्रेंच राहूनच लिस्बनला घर करतो. आमच्या पोराला मात्र त्या एकीत शिरायला आधी स्वतःचा देश सोडावा लागतो, आणि हे मला टोचतं. १९६७च्या जनमत कौलात आमच्या घरची मतं फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायला, पडली होती. दोन पानं, म्हणजे गोवा वेगळा ठेवायची बाजू, जिंकली. वडिलांनी तो निकाल मानला, कारण तो लोकांना विचारून लागला होता. ब्रिटननेही २०१६ला लोकांना विचारलंच. मग भाच्याने देश बदलायचा तर सगळं ठाऊक असूनच बदलावा.

त्याने अजून सही केलेली नाही. कार्यालयाला कळकळीची विनंती: तो फलक उतरवा आणि कलम ९ मराठी-कोंकणीत अर्जाच्या पहिल्याच पानावर छापा.