उन्हाळी हस्तकला कार्यशाळा: मे महिन्यात शिकलेलं डिसेंबरपर्यंत किती टिकलं

कार्यशाळा संपली त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून दहापैकी नऊ गुण दिले असते. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या वस्तू टेबलावर मांडून फोटो झाले, पिशवी भरून माल घरी आला, आणि शाळा उघडायला अजून महिना होता. अशा मूडमध्ये लिहिलेल्या कौतुकाला काही अर्थ नसतो, म्हणून मुद्दाम थांबले. आता डिसेंबर आहे. त्या पिशवीतलं काय वापरात आहे, काय माळ्यावर गेलं आणि काय भंगारात, ते सांगते.

आधी हिशेब. १२ दिवस, रोज दोन तास, माणशी ३,२०० रुपये आणि साहित्याच्या किटचे ७०० वेगळे. मी आणि सहावीतला मुलगा असे दोघं गेलो. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, त्यामुळे दुसऱ्याचं शिकवणं बघताना मनातल्या मनात गुण देत बसायची वाईट सवय आहे, ती इथेही आड आलीच. ठसेछपाई ३ दिवस, माती ३ दिवस, बांधणी आणि वारली एकेक दिवस, विणकाम ४ दिवस. संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, पण त्या सोलापुरातल्या बहुतेक सुट्टीतल्या शिबिरांना लागू पडतील.

सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, पण तरी: सकाळची बॅच घ्या. आमची साडेसातला सुरू व्हायची. माझ्या जाऊबाईंनी संध्याकाळी पाचची घेतली, वर पत्रा, बाहेर ४३, आणि दिवसभर तापलेल्या त्या पत्र्याखाली छपाई. चौथ्या दिवशी त्यांनी नाद सोडला. पैसे परत मिळाले नाहीत.

पहिले तीन दिवस ठसेछपाईचे. लाकडी ठसा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याच्या पाठीत आरपार पाडलेली बारीक भोकं दिसली. मला वाटलं कीड लागली आहे. सर म्हणाले, ती हवेसाठी. ठसा दाबल्यावर मध्ये अडकलेली हवा निघून गेली नाही तर रंग मधोमध उठत नाही. टेबलावर तरटाचे थर, त्यावर घोंगडी, त्यावर कापड. ठसा ठेवायचा, तळहाताच्या मुळानं एकच ठोका द्यायचा आणि सरळ वर उचलायचा. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी माझं प्रत्येक कमळ जुळं आलं, कारण उचलताना मनगट वळायचं.

खरी गंमत उन्हाची. रंगाच्या पाटीतल्या स्पंजावर दहा मिनिटांत साय धरायची. ती ठशाच्या कोरीव खाचांत बसली की पाकळ्यांच्या रेघा बुजायच्या. मग पंखे बंद. २२ माणसं, ६ टेबलं, पंखे बंद. सरांनी उपाय म्हणून रंगात पाणी घालायला सांगितलं, तर कडा फुटून कमळाला मिशा आल्या. घरी करताना मला सुचलं की काम नसताना पाटीवर ओलं पिळलेलं फडकं टाकून ठेवावं आणि रंग थोडा थोडाच काढावा. एवढ्यानं भागतं. हे त्यांना माहीत नसेल असं नाही, पण सांगितलं नाही.

आणि जे सांगायलाच हवं होतं ते राहिलं ते राहिलंच. किटमधलं मांजरपाट कोरं होतं, म्हणजे खळ असलेलं. खळीवर रंग बसला की तो धाग्यात शिरतच नाही, खळीवर बसून राहतो, आणि खळ धुऊन निघाली की तोही निघतो. माझा पहिला टेबलक्लॉथ जूनमध्ये अंथरला. चार धुण्यांत गुलाबी कमळांचे पोपडे निघाले. जुलैत दुसरा केला. या वेळी कापड आधी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजवलं, चोळून धुतलं, वाळवलं, छापल्यावर एक दिवस तसंच राहू दिलं आणि मग उलट्या बाजूनं कडक इस्त्री फिरवली. तो आज टेबलावर आहे, चहाचे डाग अंगावर घेऊन, पण कमळं जागच्या जागी. ठसे तेच, रंग तोच. म्हणजे ३ दिवसांच्या शिकवणीत ज्या अर्ध्या तासाची गरज होती, तोच अर्धा तास गाळला.

मातीचं उलट झालं. शिकवणाऱ्या बाई उत्तम, व्यवस्था गचाळ. माती मळताना त्या आमच्या मुठीकडे बघायच्या, गोळ्याकडे नाही. आत हवा आणि ओल राहिली तर भट्टीत भांडं फुटतं, हे त्यांनी एक फुटलेला तुकडा हातात देऊन सांगितलं. जोड देताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढायचे, मध्ये मातीचा पातळ राबडा लावायचा आणि मग दाबायचं. हे माझ्या मुलाच्या डोक्यात इतकं बसलं की गणपतीला त्यानं घरी शाडूची मूर्ती केली, आणि हात, सोंड, कान, सगळं शेवटपर्यंत जागेवर राहिलं. गेल्या वर्षी आमच्या बाप्पाचा डावा हात प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या रात्री गळला होता आणि तो आम्ही फेविकॉलनं चिकटवला होता, देव क्षमा करो.

पण भांडी वाळवायला ठेवली ती खिडकीत, पंख्याखाली. सोलापूरच्या मे महिन्यात! कड लगेच वाळून आकसते, बूड ओलंच राहतं, आणि मग तडा. प्लॅस्टिक गुंडाळून सावलीत चार-पाच दिवस हळूहळू वाळवायला हवं होतं. संस्थेची स्वतःची भट्टी नव्हती. बाहेरून भाजून आणतो म्हणाले, त्याला ३ आठवडे लागले आणि माझ्या तीन वाडग्यांपैकी एकच धड परत आला. त्यात मी मोठ्या कौतुकानं शेंगाची चटणी ठेवली. दोन दिवसांनी वाडगा उचलला तर खाली टेबलक्लॉथवर तेलाचं कडं. (पहिला टेबलक्लॉथ, सुदैवानं.) बिनझिलईची भाजलेली माती सच्छिद्र असते, माठातलं पाणी गार होतं ते त्याच गुणामुळे, आणि तरी मला हे चटणीनं शिकवावं लागलं. सध्या त्यात सेफ्टी पिना आणि स्कूटरची किल्ली असते.

बांधणीचा दिवस मजेत गेला आणि महागात पडला. गरम पाण्यात मीठ टाकून करायचा रंग दिला होता, तो धुण्यागणिक थोडा थोडा सुटत राहतो. मुलाच्या टी-शर्टनं घरातले तीन बनियन गुलाबी केले. सुती कापडाला सोड्याच्या पाण्यात धरणारे थंड रंग मिळतात, त्यांची धाग्याशी पक्की गाठ बसते, ते हवेत. आणि खळबळायला पाच-सहा बादल्या पाणी लागतं. आमच्याकडे नळ तीन-चार दिवसांआड येतो. तेव्हा बांधणी करायचीच असेल तर पाण्याच्या दिवशी.

वारलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. छापील कागद समोर ठेवून तपकिरी पुठ्ठ्यावर पांढऱ्या अॅक्रिलिकनं नक्कल. तांदळाचं पीठ, गेरूची भिंत, लग्नाचा चौक, यातलं काही बोलणं झालं नाही. २०११ साली पद्मश्री मिळालेल्या वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं नावसुद्धा निघालं नाही. दोन तास त्रिकोणाला त्रिकोण जोडले. तो पुठ्ठा कुठे आहे ते मला सांगता येणार नाही.

आता विणकाम, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

खरं तर मी त्याला नाक मुरडलं होतं. चादरींच्या गावात राहून खिळे ठोकलेल्या चौकटीवर लोकर विणायला पैसे द्यायचे, हे सांगायलाही लाज वाटत होती. पूर्वभागात, म्हणजे मागांच्या वस्तीत, जाऊन नुसतं उभं राहिलं तरी खडखडाटानं कान भरतात! पण ऐकणं वेगळं आणि कळणं वेगळं. उभे धागे म्हणजे ताणा, आडवा जातो तो बाणा, इतपत शाळेत पाठ केलेलं. चौकटीवर बसल्यावर पहिल्या तासातच कळलं की सगळा ताण ताण्यावर येतो. किटमधला ताण्याचा दोरा शिवणाच्या दोऱ्याच्या लायकीचा होता, दुसऱ्याच दिवशी एकामागून एक तुटायला लागला. अर्ध्या वर्गाचं काम वाया गेलं. ७०० रुपयांच्या किटमध्ये सूत बरं देता येत नाही का, या प्रश्नावर मला हसून उत्तर मिळालं, "मॅडम, शिकायलाच तर आहे."

तिसऱ्या दिवशी आम्हाला एका हातमागावर नेलं. पूर्ण कार्यशाळेतला हा सगळ्यात चांगला तास. मागवाले काका आमच्याशी बोलता बोलता धोट्यातली (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तो धोटा) संपलेली कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, काढून भरलेली बसवत होते, एकदाही खाली न बघता. पाय पावडीवर, आणि धोटा इकडून तिकडे. वर जेकार्डच्या, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या भोकं पाडलेल्या, पुठ्ठ्यांची माळ. मी विचारलं, एका पुठ्ठ्यात काय असतं? म्हणाले, "एक पुठ्ठा, एक आडवा धागा. भोक आहे तिथला उभा धागा वर, नाही तिथला खाली. बास."

बास काय, मी जागीच उभी राहिले. हे तर शून्य आणि एक! फ्रान्समध्ये विणकराच्या घरात जन्मलेल्या जाकारनं (त्याच्याच नावाचा हा जेकार्ड) १८०४ च्या सुमारास हा माग उभा केला आणि पुढे बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. वाचलेलं. ज्या गावात १८७७ साली कापडगिरणी उभी राहिली, त्या गावात वीस वर्षं गणित शिकवून मी एकदाही तो पुठ्ठा हातात घेतला नव्हता. नोव्हेंबरमध्ये आठवीच्या वर्गात आलेखाच्या कागदावर हेच करून घेतलं: चौकोन भरला तर धागा वर, रिकामा तर खाली, एक ओळ म्हणजे एक पुठ्ठा. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी माझ्या तासाला खिडकीबाहेर असतो, उठून फळ्यापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं फूल उलटं येणार. माग खालून वर भरत जातो, तुम्ही वरनं सुरू केलंय." त्याचे वडील यंत्रमागावर आहेत. फूल खरंच उलटं येत होतं.

घरच्या चौकटीचं म्हणाल तर पहिला तुकडा खाली दहा इंच आणि वर साडेसात. डमरूचा अर्धा भाग. वर्गात याला "होतं सुरुवातीला" एवढंच उत्तर मिळालं होतं. जूनमध्ये शेजारच्या अव्वा (तेलुगू आजी) आल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या आहेत, उमेदीची सगळी वर्षं घरात कांड्या भरल्या, आता हात कापतो. चौकट मांडीवर घेतली, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ओढू नको अम्मा. ठेव नुसता." मग आडवा धागा कमानीसारखा ढिला टाकून दाखवला आणि तो काट्याच्या चमच्यानं थोडा थोडा खाली बसवला. कमान सपाट झाली आणि काठ जागचा हलला नाही. धाग्याला वरखाली वळणं घेत जायचं असतं, तेवढी जास्तीची लांबी आधीच द्यायला लागते. सरळ ताणून टाकला की तो ती लांबी काठांकडून वसूल करतो. चार दिवसांत जे कळलं नाही ते अव्वांनी पाच मिनिटांत, अर्ध्या तेलुगूत, दाखवलं. जाताना म्हणाल्या, हे सूत टाकून दे. त्यांच्या मुलानं कारखान्यातलं उरलेलं कोनांवरचं सूत किलोवर आणून दिलं. रंग निवडता येत नाहीत, मिळेल तो घ्यायचा, पण तुटत नाही.

तेव्हापासून आजवर ८ तुकडे झाले. दोन ताटाखालची आसनं, एक देवघरातलं, बाकी भेट म्हणून गेले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांच्या रथाच्या दिवशी अव्वांना एक दिलं. त्यांनी उलटं करून मागची बाजू आधी बघितली. काही बोलल्या नाहीत, पण टीव्हीखाली अंथरलं आहे.

तर पैसे वसूल झाले का? विणकामाचे ४ दिवस आणि मातीच्या बाई, एवढ्याचे झाले. बाकी वरखर्च. तुम्ही जाणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारून घ्या: एका टेबलाला किती जण, भट्टी कुठली आणि माल कधी परत, किट आधी बघता येईल का. किट दाखवायला कुरकुर केली तर समजून जा. मुलांना पाठवायचं असेल तर माती आणि माग. छपाईत लहान मुलांचे हात लवकर दमतात आणि मग ते एकमेकांच्या शर्टावर ठसे मारतात, हे प्रत्यक्ष बघितलं आहे.

परवा त्या संस्थेत फोन केला होता, पुढच्या मे महिन्यात नुसतं विणकाम घेता येईल का म्हणून. पूर्ण पॅकेजच घ्यावं लागेल म्हणाले, शिवाय फी ३,६०० होणार आहे. मी सुताराला २४ इंची चौकट सांगितली आहे. जुन्या चौकटीचे वरच्या बाजूचे खिळे हलायला लागलेत, तोवर त्यावर अर्धवट राहिलेलं नववं आसन पुरं करायचं आहे.