बिलं तपासणाऱ्यालाच बिलात शेंडी: ऑफिसचं नेटवर्क आणि माझे 51,200 रुपये

आधीच सांगतो, हसायचं असेल तर हसून घ्या. पंचवीस वर्षं मी लोकांची बिलं तपासतोय. नाशकात माझं टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे, दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरून देतो, आणि एका नेटवर्किंगवाल्याने मला रद्द झालेल्या जीएसटी नंबरचं बिल चिकटवलं. घरी बायकोला आकडा सांगायला मला दहा दिवस लागले. मुलाला अजून सांगितलेला नाही.

जूनमध्ये शेजारचा गाळा भाड्याने घेतला. माणसं पाचाची नऊ झाली. राउटरला लॅनचे चार पोर्ट, ते कधीच भरलेले. बाकीचे वायफायवर, आणि मधल्या भिंतीपलीकडे वायफाय पोचेना. इन्कम टॅक्स रिटर्नचा जुलैचा सीझन तोंडावर. स्विच (एका लाइनवर अनेक कॉम्प्युटर जोडणारा डबा) टाकून नऊ कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बॅकअपचा डबा असे अकरा पॉइंट काढायचे, एवढंच काम होतं. ओळखीचा माणूस गावी गेलेला, म्हणून एका क्लायंटने दिलेल्या नंबरवर फोन केला. (त्या क्लायंटचा यात काही दोष नाही. त्यालाही या नंबरवाल्याने बनवलंय, हे दोघांनाही नंतर कळलं.)

माणूस कसा, तर गळ्यात ओळखपत्र, हातात लेझरवालं माप. दोन्ही गाळे फिरून मोजले, तासाभरात कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर. सोळा पोर्टचा मॅनेज्ड (आत शिरून सेटिंग बदलता येणारा) गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसचा, स्विच 14,500. कॅट सिक्स नेटवर्क केबलची 305 मीटरची पेटी 9,800. पॅच पॅनेल (सगळ्या केबली एकत्र येतात ती पट्टी) 3,400, भिंतीवरचा रॅक 3,600, अकरा आयओ (भिंतीवरचे केबलचे सॉकेट) 3,080, बावीस पॅच कॉर्ड 3,080, मजुरी पॉइंटला 450 प्रमाणे 4,950. झाले 42,410. त्यावर 18 टक्के जीएसटी 7,633.80. एकूण 50,043.80. आणि हा गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणतो, "सर, वरचे 43 रुपये 80 पैसे सोडले, तुम्ही आपले." त्या 43 रुपयांवर मी खूश झालो होतो.

तीस हजार यूपीआयने आगाऊ. नाव आलं कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाचं. "भावाचं खातं आहे सर, करंट अकाउंटचं केवायसी चालू आहे." हे वाक्य माझ्या क्लायंटने मला सांगितलं असतं तर मी त्याला खुर्चीवरून उठवलं असतं. पण बाहेर चार जण फॉर्म 16 घेऊन बसलेले, हिशेबाचं टॅली उघडेना, अशा वेळी माणूस काय करतो? पैसे टाकतो. उरलेले वीस हजार काम झाल्यावर रोख दिले. पावती? बिलातच आलं ना सगळं.

आता खरी लाज सांगतो. काम सुरू झालं त्या दिवशी लिफ्ट बंद होती. केबलची पेटी मी स्वतः एका हाताने दोन मजले वर आणली. एका हाताने, पन्नाशी उलटलेल्या माणसाने! तांब्याची 305 मीटरची पेटी चांगली जड असते, दहा किलोच्या पुढे. ही पिशवीत दोन कलिंगडं असावीत तशी आली. मला वाटलं, आपली तब्येत बरी आहे.

आणि चार दिवसांनी झाडलोट करणाऱ्या मावशी. खाली पडलेले केबलचे तुकडे त्यांनी गोळा करून नेले होते, तांब्याचा भाव मिळेल म्हणून. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "साहेब, भंगारवाला म्हणतो हे तांबं नाही. वरनं पाणी दिलंय, आत अॅल्युमिनियम हाय." आणि मी काय केलं? त्यांना समजावून सांगितलं, की मावशी, ही डेटा केबल असते, हिचं तांबं वेगळं दिसतं. भंगारवाल्याला कळलं, मावशींना कळलं, आणि ज्याच्या भिंतीवर तीन पदव्या टांगलेल्या आहेत तो त्यांना शिकवत होता. तेव्हाच ब्लेडने एक तार खरवडली असती तर आतून पांढरी निघाली असती. दहा सेकंदांचं काम. तुम्ही तेवढं करा. पेटीवर नामांकित कंपनीचं नाव छापलेलं होतं म्हणून थांबू नका, पेटी छापायला काय लागतं?

तीन आठवड्यांत रडगाणं सुरू. कधी प्रिंटर गायब, कधी मागच्या गाळ्यातल्या दोन मुलींची टॅली एकदम अडकायची, बॅकअप रात्रभर चालून सकाळी अर्धवट. त्याला बोलावलं तर लॅपटॉप लावून वीस मिनिटं काहीतरी टाइप केलं, स्विचचं "फर्मवेअर अपडेट" (म्हणजे आतला प्रोग्रॅम नवा) केल्याचे 1,200 रुपये घेतले, आणि जाता जाता वर्षाच्या देखभाल कराराचे 8,500 सांगितले. ते मी दिले नाहीत, एवढीच काय ती माझी हुशारी. मॅनेज्ड स्विचला स्वतःचा आयपी पत्ता असतो, ब्राउझरमध्ये त्याचं लॉगिनचं पान उघडतं. याला कसलाच पत्ता नव्हता. म्हणजे ते 1,200 कसले?

शेवटी गावाहून परतलेल्या जुन्या माणसाने झाकण उघडलं. पुढच्या पट्टीवर "गिगाबिट" लिहिलेलं स्टिकर होतं, नखाने निघालं. आत जुना फास्ट इथरनेट स्विच, म्हणजे 100 एमबीपीएसच्या वर न जाणारा. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटवर गेलं की लिंक स्पीड दिसतो, तिथे पहिल्या दिवसापासून 100/100 लिहिलेलं होतं. 1000 दिसायला हवं होतं. मी ते पान कधी उघडलंच नाही. आणि गंमत म्हणजे, एवढ्याशा ऑफिसला मॅनेज्ड स्विचची गरजच नव्हती. साधा अनमॅनेज्ड गिगाबिट पुरला असता. मॅनेज्ड हा शब्द कानाला बरा वाटला, बस्स.

त्याहून मोठा हात वेगळाच होता. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. 100 च्या स्पीडला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. या पठ्ठ्याने एकाच केबलमधून दोन-दोन पॉइंट काढले होते. अकरा पॉइंट, भिंतीत केबली सहा! केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, तो वाचून हिशेब काढला: वापरली 128 मीटर. बिल 305 चं. उरलेली 177 मीटर तो "साइट साफ करतो सर" म्हणत उचलून घेऊन गेला, आणि मी त्याला चहा पाजला. बरं, 100 वर टॅली एरवी चालली असती. पण अॅल्युमिनियमची तार ठिसूळ, आयओत दाबून बसवली की टोकाशी तुटते किंवा सैल होते, म्हणून सारखं तुटायचं. बाजारात काही शे रुपयांत लॅन टेस्टर मिळतो. तुमच्यासमोर प्रत्येक पॉइंटला तो लावायला सांगा. आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत. चारच लागले तर पैसे खिशातच ठेवा.

बिलाचं म्हणाल तर पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला जीएसटी पोर्टलवर 2बी (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आलं, त्यात बिल नाही. एखाद्याला उशीर होतो, म्हणून आणखी एक महिना वाट पाहिली. मग पोर्टलवर नंबर टाकला. 27 ने सुरू होणारा, पंधरा अक्षरी, अगदी नीट. भलत्याच व्यापाऱ्याचा, नोंदणी रद्द. म्हणजे 7,633.80 चं क्रेडिटही (दिलेला जीएसटी आपल्या करातून वळता करून घ्यायचा तो) गेलं. हा नंबर तपासायला लॉगिनसुद्धा लागत नाही, हे मीच क्लायंटना सांगत असतो.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात दीड तास बसवलं. साहेब म्हणाले, "माल मिळाला ना? मग हे दिवाणी." अहो, मिळाला तो माल तो नव्हेच, बिल खोटं, स्टिकर खोटं, याला फसवणूक नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 कलम कशासाठी आहे? "तुम्ही वकील आहात का?" हे उत्तर. अर्ज घेतला, आवक शिक्का मारला, बस्स. सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन केला तर पैसे तुम्ही स्वतः मालासाठी दिलेत, स्थानिक ठाण्यात जा. तिथूनच आलो होतो. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर गाऱ्हाणं घातलं, तर खरेदी व्यापारी कारणासाठी, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही ग्राहकच नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलं तर सूट आहे, पण नऊ माणसं कामाला ठेवणारा स्वयंरोजगारी कसा, यावर माझे वकीलच मान हलवतात. दुकान मोठं असतं तर वसुलीची माणसं ठेवली असती, घरगुती असतं तर ग्राहक झालो असतो, आम्ही मधले लोक कोणाच्याच रजिस्टरात बसत नाही. आणि जीएसटी कार्यालयात? तिथल्या साहेबांनी माझा अर्ज वाचला, माझं नाव वाचलं, चष्मा काढून म्हणाले, "तुम्ही तर प्रॅक्टिस करता ना हो?" कारवाईचं काय, ते अजून कळवलेलं नाही.

सगळं पुन्हा केलं. खऱ्या तांब्याची केबल 10,400, साधा गिगाबिट स्विच 6,900, मजुरी 5,500, म्हणजे 22,800. या वेळी केबल स्वतः दुकानातून आणली, दोन माणसांनी उचलली, आणि स्विचच्या सीरियल नंबरचा फोटो काढून कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून पाहिला, मगच पैसे दिले.

त्याचा नंबर मी ब्लॉक केलेला नाही, तक्रारीत पुरावा म्हणून ठेवलाय. परवा त्यावरून मेसेज आला: दिवाळी ऑफर, आठ कॅमेऱ्यांचं सीसीटीव्ही पॅकेज, चोरीची चिंता सोडा.