उथळ प्रवाळात स्नॉर्केलिंग: कयाक घ्यावी की इंजिनाची होडी?

स्नॉर्केलिंग म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं. प्रवाळ किनाऱ्यापासून अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर असेल आणि वारा पडलेला असेल, तर कयाकच, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी घ्यावी. अंतर त्याहून जास्त असेल किंवा सोबत पोहण्यात कच्ची माणसं असतील, तर इंजिनाची होडी बरी.

वर बसायच्या कयाकला 10–15 सेंटिमीटर पाणी पुरतं. लहान होडीचं आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेलं) इंजिन पूर्ण खाली असलं, की साधारण 60 ते 90 सेंटिमीटर लागतं, आणि पंख्याखाली मोकळं पाणी उरायला हवं ते वेगळंच. तळ जवळ आला की इंजिन पाण्याबरोबर वाळूही ओढतं. त्या वाळूने थंडाव्याच्या पंपातली रबरी चक्री झिजते. इंजिनाच्या मागे पडणारी पाण्याची धार बारीक झाली, की लगेच इंजिन बंद करा.

स्वच्छ पाणी फसवतं. वरून सरळ खाली पाहिलं तर खोली पाऊणपटच दिसते. दीड मीटर वाटणारं पाणी खरं तर दोन मीटर असतं, म्हणजे उभं राहता येईल म्हणून उतरलेल्याच्या डोक्यावरून जातं. प्रवाळातून होडी काढायची तर ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच काढा. तेव्हा वाळू फिकट आणि प्रवाळ तपकिरी असा फरक कळतो. ढग आले की हा फरक पुसला जातो.

कयाकचा खरा शत्रू वारा. शांत पाण्यात ती ताशी 4–5 किलोमीटर जाते, पण ताशी 20 किलोमीटरचा वारा समोरून आला की दम निघतो. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहील. रिकामी कयाक वाऱ्याबरोबर इतकी वेगाने सरकते, की पायात फिन्स (पोहण्याचे रबरी पंजे) घालूनही गाठणं कठीण. पाण्यात उतरण्याआधीच तिला 3–4 मीटरची तरंगती दोरी बांधा आणि ती हातात धरून पोहा. बुडणारी दोरी प्रवाळात अडकते.

परत चढणंही आधी छातीभर पाण्यात करून बघा: कयाकच्या मधोमध दोन्ही हात टाका, पाय मारून अंग आडवं करा, छाती वर ओढा, मग वळून बसा. हे जमत नसेल तर कयाकचा विचार सोडा. होडीवर शिडी असते, पण तिच्या दोन-तीन पायऱ्या पाण्याखाली जायला हव्यात, नाहीतर थकलेल्या माणसाला वर येता येत नाही. पहिला माणूस पाण्यात उतरायच्या आधी इंजिन बंद करून किल्ली काढा. नुसतं न्यूट्रल पुरत नाही.

नांगराच्या बाबतीत मात्र होडी जास्त जबाबदारी मागते. दोरी खोलीच्या पाच ते सात पट सोडायची, म्हणजे 3 मीटर पाण्यात 15–20 मीटर, आणि होडी तेवढ्याच घेरात फिरते. तो सगळा घेर वाळूचा नसेल तर साखळी प्रवाळावरून घासत जाते. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला 10 सेंटिमीटरच्या आसपास वाढतं, गोल गड्ड्यांचं जेमतेम 1 सेंटिमीटर. एका ओढीत कित्येक दशकांची वाढ मोडते. वाळू नसेल तर तळाशी बांधलेल्या बोयालाच (तरंगत्या गोळ्याला) होडी अडकवा. तोही नसेल तर तिथे थांबू नका.

ओहोटी लागलेली असेल तर होडी आत नेऊ नका. टेकली तर पाणी पुन्हा चढेपर्यंत सहा-सात तासही अडकून राहाल.