हातशिवण की मशीनशिवण?

चामड्याची पाकिटं, पट्टे, पिशव्या मोजक्याच संख्येने बनवायच्या असतील, तर शिवण कशी घालायची हे आधी ठरवावं लागतं.

मशीन दोन धाग्यांवर चालतं: एक वरून, दुसरा खालच्या बॉबिनमधून. दोघांचा वेढा चामड्याच्या जाडीत मधोमध पडतो. वरचा धागा झिजून तुटला की शेजारचे टाके एकेक करून सैल पडू लागतात.

हातशिवणीत धागा एकच आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुया. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी त्याच भोकांतून गेलेला दुसरा पदर शिवण धरून ठेवतो. धाग्याला मेण लावलेलं असलं की तो भोकात घट्ट बसतो. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट धागा घ्यावा, जाड चामड्याला त्याहूनही जास्त. आणि सुयांचा क्रम अजिबात मोडायचा नाही! उजवी आधी, तर शेवटपर्यंत उजवीच आधी. नाहीतर टाक्यांचा एकसारखा तिरपेपणा जातो आणि ती खोट लगेच डोळ्यांत भरते.

वेगात मशीनशी बरोबरी नाहीच. अस्तर, मऊ पातळ चामडं, लांब सरळ कडा यांना मशीन खुशाल वापरावं. पण पट्ट्याचं बक्कल किंवा पिशवीचा बंद जिथे जोडला जातो, तिथे रोजचा ताण येतो. तेवढी शिवण हातानेच घाला, बाकीची पिशवी मशीनवर शिवलेली असली तरी.