नाथसागर की गौताळा?

फोटो काढायला थंडीत एकच रविवार हाताशी असेल, तर मी डोळे मिटून नाथसागर म्हणेन. पैठणच्या धरणामागचा हा पाण्याचा पसारा 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. बॅकवॉटर ओसरलं की उघड्या पडलेल्या चिखलात चक्रवाक बदकं आणि पट्टकदंब राजहंस चरताना दिसतात. नशीब असेल तर रोहितही (फ्लेमिंगो). पक्षी लांब असतात, 400 एमएमची लांब पल्ल्याची लेन्सही तोकडी पडते. सरळ चिखलात पालथं पडायचं, कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणायचा. मग मागचं पाणी धूसर होतं आणि चक्रवाकाचा केशरी रंग असा काही उठून येतो! मात्र ऊन चढलं की हवा थरथरते, फोटो अस्पष्ट येतात. म्हणून उजाडायच्या आत पोचा.

कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात पक्षी आहेत, पण झाडीत लपलेले. आवाज आधी, दर्शन नंतर. तिथली खरी कमाई पावसाळ्यात: धवलतीर्थाचा धबधबा, ढगांत बुडालेला घाट. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी 18-55 लेन्स पुरते. नवीन कॅमेरा घेतलेल्यांनी आधी इथेच जावं. आणि कुठेही गेलात तरी, थवा उडवण्यासाठी दगड मारणाऱ्याला तिथल्या तिथे अडवा.